नऊ कवी आणि एक निनावी लेख: १९५० च्या दशकातली इंग्लिश कविता (‘द मूव्हमेंट’)

पानगळ

१९५५ साली टोकियोत केनक्युशा या प्रकाशनसंस्थेने एक इंग्रजी कवितासंग्रह काढला, ‘पोएट्स ऑफ द नाइन्टीन-फिफ्टीज’. संपादक डी. जे. एनराइट तेव्हा जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. आत आठ कवी: किंग्जली एमिस, रॉबर्ट कॉन्क्वेस्ट, डोनाल्ड डेव्ही, जॉन हॉलोवे, एलिझाबेथ जेनिंग्ज, फिलिप लार्किन, जॉन वेन आणि स्वतः एनराइट. पुढच्याच वर्षी कॉन्क्वेस्टने लंडनमध्ये मॅकमिलनतर्फे ‘न्यू लाइन्स’ काढला. त्यात हेच आठ आणि नववा थॉम गन. या नऊ जणांना ‘द मूव्हमेंट’ म्हणतात. इंग्लिश कवितेतला सगळ्यात ‘घरकोंबडा’ म्हणून ज्याला हिणवलं गेलं, त्या गटाची पहिली मोट बांधली गेली ती जपानमध्ये, तीही युद्ध संपून दहा वर्षं झाली असताना. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

नाव त्यांनी घेतलेलं नव्हतं. १ ऑक्टोबर १९५४ च्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात ‘इन द मूव्हमेंट’ नावाचा निनावी लेख आला. तो लिहिला होता साप्ताहिकाचा साहित्य संपादक जे. डी. स्कॉट याने. त्याआधी ऑगस्टमध्ये अँथनी हार्टलीने त्याच पानांवर पन्नासच्या दशकातल्या कवींवर लिहून जमीन नांगरून ठेवली होती. मराठीत चळवळ म्हटलं की जाहीरनामा, सभा, निदान एखादं अनियतकालिक तरी डोळ्यांपुढे येतं. इथे नऊ जणांनी एकत्र बसून काही ठरवलं, असं कधी झालंच नाही. लार्किन, एमिस, वेन ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजातले; डेव्ही, एनराइट, गन केंब्रिजचे. गन तर १९५४ मध्येच अमेरिकेला गेला आणि शेवटपर्यंत तिकडेच राहिला.

मग गट म्हणायचं कशाला? कारण कान एकसारखे होते. चाळिशीच्या दशकात इंग्लंडमध्ये ‘न्यू अपोकॅलिप्स’ कवींचा जोर होता. प्रतिमांवर प्रतिमा, रक्त, गर्भ, पुराणकथा, भविष्यवाणीचा सूर. डिलन टॉमस त्या हवेतला खरा मोठा कवी. तो नोव्हेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला आणि वर्षभरात ‘स्पेक्टेटर’मधला तो लेख आला. या नव्या मंडळींना गळा काढून म्हटलेली कविता नको होती. वाक्याला कर्ता-क्रियापद हवं, वृत्त हवं, यमक हवं, आणि सांगणारा माणूस आपण पाहिलं तेवढंच सांगतोय याची खात्री हवी. टोकियोच्या त्या पुस्तकात प्रत्येक कवीचं छोटं मनोगत आहे. त्यात लार्किन म्हणतो की ‘परंपरा’ किंवा सगळ्यांना सामायिक अशी पुराणकथांची गंगाजळी यावर त्याचा विश्वास नाही. एमिस म्हणतो की तत्त्वज्ञ, चित्रं, कादंबरीकार, पुराणं, परदेशी शहरं यांच्यावरच्या आणखी कविता कोणाला नको आहेत, निदान नको असाव्यात अशी त्याची आशा आहे.

घरची परिस्थितीही ध्यानात घ्या. एनराइट पोस्टमनचा मुलगा, डेव्ही बार्न्सलीतल्या दुकानदाराचा, एमिसचे वडील मोहरीच्या कंपनीत कारकून. शिष्यवृत्तीवर वर आलेली, विद्यापीठात नाहीतर ग्रंथालयात नोकरी करणारी पिढी. युद्ध १९४५ ला संपलं तरी इंग्लंडमधलं रेशनिंग पूर्ण उठलं ते जुलै १९५४ मध्ये, त्या लेखाच्या तीन महिने आधी. मापात शब्द वापरायची सवय मापात साखर वापरणाऱ्यांना लागली, असं मला कधीकधी वाटतं.

आता एक कविता जवळून बघू. लार्किनची ‘अ‍ॅट ग्रास’, जानेवारी १९५० मधली. पाच कडवी, प्रत्येकी सहा ओळी. निवृत्त झालेले शर्यतीचे दोन घोडे कुरणात आहेत. सुरुवातीला ते दिसतच नाहीत. झाडाच्या गार सावलीत उभे आहेत, वाऱ्याने शेपूट आणि आयाळ विस्कटली की मग डोळ्याला कळतं की इथे काहीतरी आहे. एक चरतो, दुसरा नुसता बघत असावा. मग चरणाराही पुन्हा निनावी होऊन उभा राहतो. पंधरा वर्षांपूर्वी हेच घोडे दंतकथा होते. चषक, नंबर, छत्र्या, मैदानाबाहेर उन्हात उभ्या मोटारी, कचरा पडलेलं गवत, आरोळी अधांतरी थांबलेली. एकेक कडवं त्या गर्दीत जाऊन परत सावलीत येतं.

चौथ्या कडव्यात कवी विचारतो: आठवणी यांच्या कानांभोवती माश्यांसारख्या घोंगावत असतील का? आणि पुढचं वाक्य चार शब्दांचं: ‘दे शेक देअर हेड्स’. घोड्यांनी डोकी हलवली. माश्या उडवल्या, की ‘नाही’ म्हटलं? दोन्ही. कवीने प्रश्न विचारला आणि उत्तर घोड्यावर सोडलं. घोड्याने घोड्यासारखंच वागून उत्तर दिलं. एवढ्या साध्या वाक्यात इतकं मावतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

मी ही कविता मराठीत आणायचा प्रयत्न करतोय आणि नेमकं याच वाक्यावर अडलोय. त्याबद्दल नंतर लिहितो. ज्यांनी हे कवी वाचलेत त्यांनी कृपया लिहा.

गोदाकाठ

सुंदर धागा. एक दुवा आपल्या बाजूने जोडतो.

लार्किनचा पहिला संग्रह ‘द नॉर्थ शिप’ १९४५ मध्ये लंडनच्या फॉर्च्यून प्रेसने काढला. एमिसचा पहिला संग्रह ‘ब्राइट नोव्हेंबर’ १९४७ मध्ये, त्याच प्रेसचा. आणि १९५२ मध्ये त्याच फॉर्च्यून प्रेसने ‘अ टाइम टु चेंज’ काढला. कवी निस्सीम इझिकेल. मुंबईचा, बेने इस्राएल म्हणजे कोकणात रुजलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला. १९४८ ते ५२ तो लंडनमध्ये होता, पैशांची ओढाताण इतकी की परतीच्या प्रवासात मालवाहू जहाजावर डेक घासत आला.

इझिकेल या नऊ जणांच्या बैठकीतला होता असं मला म्हणायचं नाही. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत, त्याच प्रकाशकाच्या दारातून हा मुंबईकर बाहेर पडला. पुढे मुंबईत त्याने जे इंग्रजी लिहिलं त्यातही तेच आहे: साधं वाक्य, मोजून घेतलेली भावना, स्वतःला न फसवण्याची धडपड. ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ आठवा. आईला विंचू चावतो, रात्रभर शेजारी जमतात, वडील नाना उपाय करून बघतात आणि शेवटी आई एकच साधं वाक्य बोलते. कवी त्यावर एक शब्दही टिप्पणी करत नाही. त्यानेच वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद केले. तो कान त्याला इंदिराबाईंकडे घेऊन गेला, यात मला काही नवल वाटत नाही.

काजवा

मी विरुद्ध बाजूने लिहितो. पानगळ यांनी राग मानू नये.

१९६२ मध्ये समीक्षक ए. अल्वारेझने पेंग्विनसाठी ‘द न्यू पोएट्री’ संपादित केलं. त्याच्या प्रस्तावनेत या मंडळींवरचा मुख्य आक्षेप आहे. अल्वारेझचं म्हणणं, इंग्लंडला सभ्यपणाचा रोग झालाय. आयुष्य बऱ्यापैकी नीटनेटकं असतं, माणसं बऱ्यापैकी सज्जन असतात, हे गृहीत धरून ही कविता लिहिलेली आहे. दोन महायुद्धं, छळछावण्या, अणुबॉम्ब यांच्यानंतर असं गृहीत धरता येत नाही. आणि उदाहरण म्हणून त्याने नेमकी ‘अ‍ॅट ग्रास’ घेतली! तिच्याशेजारी टेड ह्यूजची घोड्यांवरची ‘अ ड्रीम ऑफ हॉर्सेस’ ठेवली आणि म्हटलं, लार्किनची कविता देखणी आहे, पण ह्यूजचे घोडे कवीच्या आतल्या अंधारातून आलेत.

मला हे पटतं. ‘अ‍ॅट ग्रास’ वाचताना मला एक हळहळ जाणवते, गेलेल्या दिवसांची. साम्राज्य गेलं, आता गवतात उभे आहोत. छान वाटतं वाचून. पण छान वाटणं एवढंच कवितेचं काम आहे का? चार्ल्स टॉमलिन्सनने ‘न्यू लाइन्स’वर १९५७ मध्ये लिहिलं त्या लेखाचं नावच ‘द मिडलब्राउ म्यूझ’ होतं. रोजच्या उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकणारी कविता, असा त्याचा रोख. मर्ढेकरांवर वाढलेल्या वाचकाला हे नऊ जण भित्रे वाटले तर त्यात त्याची चूक नाही.

पानगळ

काजवा, राग कसला. हाच प्रतिसाद हवा होता. आता जपानकडे परत येतो.

डोनाल्ड डेव्हीची ‘रिजॉइंडर टु अ क्रिटिक’ ही कविता याच आक्षेपाला दिलेलं उत्तर आहे, आणि ती अल्वारेझच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीची, पन्नासच्या दशकातलीच आहे. कोणी टीकाकार त्याला म्हणाला असावा की तुझ्या कवितेत भावना कमी पडते, अंतर फार राखतोस. डेव्ही त्यावर जॉन डनची सतराव्या शतकातली प्रसिद्ध ओळ पुढे करतो. डनचा प्रियकर विचारतो: माझ्या प्रेमाने कोणाचं काय बिघडलं? डेव्ही म्हणतो, अलीकडच्या इतिहासाने याचं उत्तर दिलंय: अर्ध्या जपानचं.

प्रेमकवितेतला लाडिक प्रश्न, आणि त्याला उत्तर म्हणून हिरोशिमा. डेव्हीचं म्हणणं असं की उत्कट भावना ही खासगी, निष्पाप गोष्ट आहे असं धरून चालणं आता शक्य नाही. सभेत हात उंचावून ओरडणारी माणसंही उत्कटच होती. प्रेम आणि द्वेष दोन्ही भडकतात, दोन्ही जाळतात. म्हणून कवितेच्या शेवटी तो विचारतो की आता बधिर होण्याखेरीज दुसरं काही व्हायचं धाडस आम्ही करावं तरी कसं?

अल्वारेझ म्हणतो यांना छावण्या आणि बॉम्ब दिसले नाहीत. डेव्ही म्हणतो, दिसले म्हणूनच आवाज खाली आणला. यातलं कोण बरोबर हे ज्याने त्याने ठरवावं, पण ‘भित्रे’ हा शब्द मला मान्य नाही. घरात मृत्यू झाला की काही माणसं मोठ्याने रडतात आणि काही जण उठून चहाचं बघतात, पाहुण्यांना पाणी देतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला कमी दुःख झालंय असं आपण म्हणत नाही. माझे आजोबा दुसऱ्या प्रकारातले होते. मला हे कवी त्यांच्यामुळे कळले.

डेव्हीबद्दल एक जोडतो. ‘प्युरिटी ऑफ डिक्शन इन इंग्लिश व्हर्स’ हे त्याचं टीकेचं पुस्तक १९५२ मधलं. कवीची भाषा स्वच्छ ठेवणं ही समाजाच्या बोलण्याची राखण आहे, असं त्याला वाटे. पुढे त्याने या गटापासून फारकत घेतली आणि १९५९ मध्ये ‘रिमेंबरिंग द मूव्हमेंट’ लिहून स्वतःलाच धारेवर धरलं. वाचकाला सारखं ‘आम्हाला फार गंभीर समजू नका’ असं सांगत राहण्याची सवय त्याला खुपली होती.

समासातली_नोंद

‘नऊ जण’ म्हणून सगळ्यांनी पुढे सरकू नये म्हणून लिहिते. त्या नवांत एकच बाई होती. एलिझाबेथ जेनिंग्ज. ऑक्सफर्डच्या शहर ग्रंथालयात नोकरी करायची, कॅथलिक होती. १९५३ मध्ये पहिला संग्रह आला. दुसऱ्या संग्रहाला, ‘अ वे ऑफ लुकिंग’ला, सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला आणि त्या पैशांवर ती रोमला राहून आली. पुढे मनोरुग्णालयात दिवस काढले, त्यावरही लिहिलं. १९६६ च्या ‘द माइंड हॅज माउंटन्स’मध्ये ‘वन फ्लेश’ ही कविता आहे. ज्यांना साधेपणा म्हणजे उथळपणा वाटतो त्यांनी ती वाचावी.

आई-वडील आता वेगवेगळ्या बिछान्यांवर झोपतात. वडील हातात पुस्तक धरून दिवा रात्री उशिरापर्यंत चालू ठेवतात. आई लहान मुलीसारखी पडलेली, बालपणाची स्वप्नं बघत असावी. पुस्तक वाचलं जात नाही, तिचे डोळे वरच्या सावल्यांवर खिळलेले. दोघंही काहीतरी नवीन घडायची वाट बघत असल्यासारखे. त्यांच्यातली शांतता म्हणजे हातात धरलेला दोरा, पण ओढून गुंडाळायचा नाही. आणि शेवटी मुलगी विचारते, आपण म्हातारे झालोय हे यांना माहीत आहे का? ज्या विस्तवातून मी आले तो आता निवलाय.

किती घरांत हे दृश्य आहे. आपल्याकडे तर एक हॉलमध्ये आणि एक आतल्या खोलीत, टीव्हीचा आवाज नको म्हणून. मी ही कविता आईला मराठीत सांगितली. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘त्या दोऱ्याचं पुन्हा सांग.’

आता लार्किनबद्दल. त्याचा १९५५ चा संग्रह ‘द लेस डिसीव्ह्ड’. हे शीर्षक ‘हॅम्लेट’मधल्या ऑफिलियाच्या वाक्याला उलटं करून घेतलंय. ती म्हणते, मी जास्त फसले. त्या संग्रहात ‘डिसेप्शन्स’ नावाची कविता आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये गुंगीचं औषध देऊन जिची अब्रू घेतली गेली त्या मुलीची हकीकत हेन्री मेह्यू या पत्रकाराच्या पुस्तकात आहे, तिच्यावर आधारित. पहिल्या भागात लार्किन तिच्या वेदनेजवळ जातो. उघड्या पडलेल्या मनाला सुऱ्यांनी भरलेल्या खणाची उपमा देतो, ती विसरता येत नाही. पण शेवटी वळून म्हणतो की त्या खोलीत कमी फसलेली तूच होतीस, तो पुरुष तर वासनेच्या जिन्याने धापा टाकत चढून एका उजाड माळ्यावर पोचला. मला हे वळण आजही बोचतं. तिचं दुःख सांगता सांगता त्याची निराशा मोजायला घेतली. ‘आपण कोणाला फसवत नाही’ या अभिमानात कवी स्वतःच कसा फसतो, याचं हे उदाहरण आहे.

शिवाय १९९२ मध्ये त्याची पत्रं छापली गेली आणि पुढच्या वर्षी अँड्र्यू मोशनने लिहिलेलं चरित्र आलं. त्यातला वंशद्वेष आणि बायकांबद्दलची भाषा वाचून मी कित्येक वर्षं त्याची पुस्तकं उघडली नाहीत. आपल्या कातडीच्या माणसांबद्दल तो काय लिहीत होता हे कळल्यावर ‘साधा, प्रामाणिक आवाज’ असं सरळ म्हणवत नाही. हा भाग मूळ लेखात यायला हवा होता.

पानगळ

यायला हवा होता, खरंय. मी टाळला, कारण मला त्याचं काय करायचं ते अजून ठरवता आलेलं नाही. पत्रं वाचलीत. ती वाचून झाल्यावर ‘अ‍ॅट ग्रास’ पुन्हा वाचली, ती तशीच उभी होती. या दोन्ही गोष्टी मी एकमेकींत मिसळू शकलेलो नाही आणि एकीने दुसरी पुसूही शकलेलो नाही. ‘डिसेप्शन्स’बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. आणि जेनिंग्जवर इतकं जवळून लिहिल्याबद्दल आभार, तिला मी एका ओळीत गुंडाळलं होतं.

हंबरकाठची_सर

इंग्लंडमध्ये हल या गावात अकरा वर्षं राहते, इस्पितळात नोकरी. लार्किन इथल्या विद्यापीठाचा ग्रंथपाल होता, १९५५ पासून १९८५ मध्ये जाईपर्यंत. म्हणजे तीस वर्षं रजा, फायली, नव्या इमारतीचे नकाशे आणि पगारपत्रकं बघत त्याने लिहिलं. पीअर्सन पार्कच्या कडेला ३२ नंबरच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो भाड्याने राहायचा. त्या बागेतून मी रात्रपाळीला जाते.

स्टेशनवर त्याचा पुतळा आहे. २०१० मध्ये, त्याच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी बसवला. आपल्याकडच्या पुतळ्यांसारखा चौथऱ्यावर नाही. जमिनीवरच आहे, थोडा पुढे झुकलेला, गाडी चुकेल म्हणून घाईत निघालेला माणूस. मी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सामानाची बॅग ओढताना त्याला जवळजवळ धडकले होते. हा कोण ते ठाऊक नव्हतं.

नंतर ‘द व्हिटसन वेडिंग्ज’ वाचली. इथून लंडनला जाणाऱ्या शनिवार दुपारच्या गाडीची कविता. व्हिटसन हा ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणारा सण, त्या सुट्टीत लग्नं फार व्हायची. कवीला निघायला उशीर झालाय, गाडी पाऊण रिकामी, खिडक्या उघड्या, गाद्या तापलेल्या. वाटेत प्रत्येक स्टेशनावर गलका ऐकू येतो. आधी त्याला वाटतं हमाल टपाल उतरवताना मजा करताहेत, म्हणून तो वाचत राहतो. मग मान वर करून बघतो तर नवी जोडपी गाडीत चढताहेत आणि फलाटावर त्यांची माणसं: जाडजूड आया, अचकट बोलणारा काका, नायलॉनचे हातमोजे, खोटे दागिने, डोक्यावर सांडलेला कागदी कचरा. सुरुवातीला त्याची नजर नाक मुरडणारी आहे, हे मान्य करायला हवं. पण गाडी जशी लंडनजवळ जाते तसा तो बदलतो. डझनभर संसार एकाच गाडीत सुरू झालेत आणि हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नाही, फक्त या एकट्या प्रवाशाला माहीत आहे. गाडीचे ब्रेक लागतात आणि शेवटी बाणांचा वर्षाव नजरेआड जाऊन कुठेतरी पाऊस होऊन पडतो, अशी प्रतिमा येते. सगळी कविता हमाल, हातमोजे आणि गाद्यांबद्दल बोलत आली म्हणूनच ती शेवटची ओळ उडू शकते.

मी इथे एकटी आले होते. गाडीत बसून दुसऱ्यांची माणसं निरोप देताना बघण्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. ‘समासातली_नोंद’ म्हणतात ती पत्रं मलाही माहीत आहेत. या गावात राहून, या रंगाची असून, मी ती कविता तरीही सोडत नाही. ती आता माझीही आहे.

गोदाकाठ

हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

प्रकाशनाबद्दल एक भर: ‘द लेस डिसीव्ह्ड’ कोणा बड्या प्रकाशकाने काढला नव्हता. हलजवळच्या हेसल गावात जॉर्ज आणि जीन हार्टली या तरुण जोडप्याने घरातून चालवलेल्या मार्व्हेल प्रेसने, आगाऊ वर्गणी गोळा करून काढला. वर्गणीदारांची यादी पुस्तकात छापलीय. त्याआधी १९५१ मध्ये लार्किनने बेलफास्टमध्ये ‘ट्वेंटी पोएम्स’च्या शंभर प्रती स्वखर्चाने छापून नामवंतांना पाठवल्या होत्या. नेमके तेव्हा टपालाचे दर वाढले होते, तिकिटं कमी पडली, आणि फारशी कोणाची पोच आली नाही. आपल्याकडे स्वखर्चाने पहिला संग्रह काढून समीक्षकांना पाठवणाऱ्या प्रत्येकाला हे कळेल.

काजवा

डेव्हीची कविता काल शोधून वाचली. ‘भित्रे’ हा शब्द मागे घेतो. ‘बधिर’ हा त्यांचाच शब्द आहे आणि तो जास्त खरा आहे.

पण मग पुढचा प्रश्न असा की बधिरपणा किती दिवस पुरतो? मला वाटतं याचं उत्तर थॉम गनकडे आहे. तो सगळ्यांत लहान, १९२९ चा. ‘न्यू लाइन्स’मधला गन मोटारसायकलवाल्या पोरांवर घट्ट यमकांत लिहायचा. मग सॅन फ्रान्सिस्को, मुक्तछंद, पुरुषांवरचं प्रेम उघडपणे. आणि ऐंशीच्या दशकात एड्सने त्याचे मित्र एकामागून एक गेले, तेव्हा तो पुन्हा बांधीव वृत्ताकडे वळला. १९९२ चा ‘द मॅन विथ नाइट स्वेट्स’. त्यातली ‘लमेंट’ ही विलापिका मरणाऱ्या मित्राला उद्देशून आहे आणि सुरुवातच अशी की तुझं मरणं हे एक कठीण काम होतं. इस्पितळातली रात्र, कफ, नळ्या, मित्राचा हट्टी विनोद, सगळं दोन-दोन ओळींच्या यमकांत. कुठेही हंबरडा नाही. आणि वाचवत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी शिकलेली शिस्त त्या दुःखाला उचलून धरते. अल्वारेझला हवा होता तो अंधारही तिथे आहे. मूव्हमेंटची सगळ्यात मोठी कविता मूव्हमेंट संपल्यावर तीस वर्षांनी, इंग्लंडच्या बाहेर लिहिली गेली, असं मी म्हणेन.

जुनी_वही

मी यातलं काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू? इंग्रजी बेताचं आहे.

पानगळ

लार्किनची ‘चर्च गोइंग’ घ्या. रिकाम्या चर्चमध्ये सायकलवरून आलेला माणूस शिरतो, डोक्यावर टोपी नाही म्हणून आदराने पायाच्या सायकल क्लिपा काढतो, दानपेटीत इंग्लंडमध्ये न चालणारं आयरिश नाणं टाकतो, आणि इथे थांबण्यासारखं काही नव्हतं असं म्हणतो. तरी तो थांबलाय, बऱ्याचदा थांबतो. श्रद्धा नसलेल्या माणसाची देवळाबद्दलची कविता आहे. शब्द सोपे आहेत, फक्त शेवटचं कडवं सावकाश वाचा. मग जेनिंग्जची ‘वन फ्लेश’. एमिसच्या कवितांपेक्षा त्याची ‘लकी जिम’ ही १९५४ ची कादंबरी आधी वाचलीत तरी चालेल, ती त्याने लार्किनलाच अर्पण केलीय. वेन, हॉलोवे नंतर. कॉन्क्वेस्ट पुढे सोव्हिएत इतिहासाकडे गेला, स्टालिनच्या दडपशाहीवरचं ‘द ग्रेट टेरर’ त्याचंच.

आणि आता माझी अडचण. ‘दे शेक देअर हेड्स’.

इंग्रजीत डोकं ‘शेक’ केलं की ‘नाही’, हे ठरलेलं आहे. मराठीत ‘मान हलवली’ म्हटलं की हो की नाही हेच कळत नाही. ‘मान डोलावली’ म्हणजे होकार. ‘नकारार्थी मान हलवली’ म्हटलं की नकार आला, पण माश्या उडून गेल्या. घोडा एकदम सरकारी पत्रासारखा बोलायला लागला. ‘डोकी हलवली’ यात माश्या आहेत, उत्तर नाही. तीन आठवडे याच वाक्यावर आहे.

समासातली_नोंद

‘ते माना झटकतात.’

माशी झटकतात, धूळ झटकतात, आणि नको तो विचारही झटकून टाकतात. उत्तर ‘नाही’च येतं, पण घोडा घोडाच राहतो.

हंबरकाठची_सर

हेच.

पानगळ

‘माना झटकतात.’ माझ्या वहीत आता हेच आहे. धन्यवाद, मनापासून.

त्याच्यापुढचं सोपं झालं. त्यांची नावं पंचांगात जिवंत आहेत. ते मात्र दावं निसटावं तसे नावातून निसटलेत. आता कोणाची दुर्बीण त्यांना घरापर्यंत सोडायला येत नाही, कोणाचं घड्याळ त्यांचं भविष्य सांगत नाही. ‘ग्रूम’ला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याला, मराठीत शब्द शोधायलाच लागला नाही, मोतद्दार. शेवटच्या दोन ओळी सध्या अशा आहेत:

फक्त मोतद्दार, आणि मोतद्दाराचा पोर,
लगाम घेऊन सांजवेळी येतात.

‘पोर’ की ‘पोरगा’, यावर मत द्या.